आपले पत्र मिळाले

सरांनी तपासलेला पेपर पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला वाटलं, हा माणूस पोरांची टिंगल करतो. दहावीच्या एका मुलाने मराठीच्या पेपरात रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं होतं. शाळेत वृक्षारोपण आहे, कृपया रोपे पाठवावीत, आपला विश्वासू वगैरे. असलं पत्र तपासताना बाकीचे शिक्षक पत्ता आहे, विषय आहे, मायना आहे अशा बरोबरच्या तीन खुणा करून पान उलटतात. सरांनी मात्र त्याखाली काळ्या शाईने लिहिलं होतं, 'आपले पत्र मिळाले. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु रोपे किती व कोणती हवीत याचा उल्लेख नाही. अंदाजाने दोन नारळ पाठवीत आहोत. पोचल्याचे कळवावे. - व्यवस्थापक.' आणि समासात लाल शाईने पाचपैकी दोन.

"सर, हे काय?" मी विचारलं.

"पत्र आलं, उत्तर दिलं," सर म्हणाले. "तुमच्याकडे पत्र आलं तर तुम्ही काय करता? बरोबरची खूण करता?"

शाळा लालबागची, मराठी माध्यमाची, सकाळच्या पाळीची. मी शिवडीहून यायची, सर गिरगावातून बसने. मी विज्ञानाची नवी शिक्षिका, आणि स्टाफरूममधली सरांच्या शेजारची खुर्ची नेमकी माझ्या वाट्याला आली होती. ती रिकामी का होती हे मला आठवडाभरात कळलं. सर पेपर तपासताना मोठ्याने बोलत. "अहो, पण तारीख? तारीख कुठाय?" असं एकदम खेकसत, आणि शेजारच्याचा चहा सांडे.

ते कोणालाच नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. "काय भूगोल, आज डबा नाही का?" "गणित, तुमचा फोन वाजतोय." मी 'विज्ञान' झाले. माझ्यावर चिडले की 'विज्ञान, भाग दोन' म्हणत. फक्त मुख्याध्यापिकांना सगळ्यांसारखंच 'मोठ्या बाई' म्हणत, कारण त्या कुठलाच विषय शिकवत नव्हत्या.

गिरगावातल्या एका शिक्केवाल्याकडून त्यांनी स्वतःच्या पैशांनी 'आवक' असा रबरी शिक्का करून घेतला होता. पत्रलेखनाचा प्रश्न आला की आधी पत्राच्या डोक्यावर शिक्का, मग तारीख, मग उत्तर. उत्तरासाठी तीन पेनं. पुस्तकविक्रेता काळ्या शाईत लिहायचा, क्रीडासाहित्यवाला निळ्या, आणि पालिकेचा अधिकारी एका गळक्या बॉलपेनने, मुद्दाम घाणेरड्या अक्षरात. एका पोराने गल्लीत कचरा साचल्याची तक्रार केली होती. त्याला अधिकाऱ्याचं उत्तर गेलं, 'कचरा कोणत्या गल्लीत आहे हे आपण लिहिलेले नाही. आमची गाडी सकाळपासून लालबागभर फिरून रिकामी परत आली. डिझेलचे काय करायचे?' सगळा वर्ग हसला आणि पोरगा लाल झाला. पुढच्या परीक्षेत त्याने गल्लीचं नाव, कोपऱ्यावरचं सलून आणि विजेच्या खांबाचा नंबरसुद्धा लिहिला. सरांनी पाचपैकी पाच दिले आणि खाली लिहिलं, 'कचरा उचलला. तसदीबद्दल क्षमस्व.' त्या पोराने ते पान चाळीतल्या एकूण एक बिऱ्हाडाला दाखवलं.

"नाव, तारीख, कारण, आणि नेमकं काय हवं," सर वर्गात सांगत. "या चार गोष्टी लिहिल्यात, तर तुम्हाला नाही म्हणणारा मी कोण?"

हे खूळ आलं कुठून, ते मला उशिरा कळलं. सर खरी पत्रंही लिहीत. शाळेसमोरच्या उखडलेल्या फुटपाथबद्दल, बंद पडलेल्या पाणपोईबद्दल, बसथांब्यावरच्या मोडक्या बाकाबद्दल. चारही गोष्टी असलेली, देखण्या अक्षरातली पत्रं. त्यांच्या प्रती कपाटात एका जाडजूड फायलीत होत्या. एकदा ती फाईल चाळत मी विचारलं, "उत्तरं कुठल्या फायलीत आहेत?"

"पोचसुद्धा आली नाही हो, विज्ञान. एकाचीही नाही," ते म्हणाले. मग शिक्क्याला शाई लावत म्हणाले, "म्हटलं, पोरांना तरी यावं."

तेव्हापासून मी त्यांच्यावर हसणं थांबवलं, असं मात्र नाही. हसायला भरपूर कारणं होती. चाळीस पेपरांना त्यांना चार दिवस लागत. निकालाच्या वेळी सगळी शाळा सरांच्या गठ्ठ्यासाठी खोळंबून बसे, आणि मोठ्या बाई दर तासाला शिपायाला पाठवून विचारत, "व्यवस्थापकांचं झालं का?"

अशात संस्थेने पेपर तपासणारं सॉफ्टवेअर घेतलं. पेपर स्कॅन करायचे, ते पोरांचं अक्षर वाचतं, मार्क सुचवतं, शेरा लिहून देतं. शिक्षकाने बघायचं, हवं तर बदलायचं आणि 'पाठवा' दाबायचं. मग शेरा शिक्षकाच्या नावाने थेट पोराच्या फोनवर. सगळ्यात तरुण म्हणून त्याची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. शिकवायला लोअर परळहून एक मुलगा आला. पूर्वीच्या गिरणीच्या आवारात आता काचेची ऑफिसं आहेत, त्यातलं एक त्यांचं.

"सर, डोन्ट वरी, हे तुम्हाला रिप्लेस नाही करणार," तो म्हणाला. "फक्त असिस्ट करणार."

"पगार घेतं?"

"नाही सर."

"म्हणजे उमेदवारी करतंय. यानं कधी कोणाच्या पत्राला उत्तर दिलंय?"

"सर, करोडो पत्रं वाचून आलाय तो."

"वाचून काय होतंय? पालिकेतही वाचत असतील," सर म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव 'उमेदवार' ठेवलं, आणि नाव ठेवलं की सरांची माया जडायला वेळ लागत नसे.

पत्रलेखन शिकवण्यासाठी सॉफ्टवेअरला दोनशे तपासलेली पत्रं द्यायची होती. बाकीच्यांनी अंग काढून घेतलं. सरांनी जुने गठ्ठे काढले आणि दोनशेच्या दोनशे स्वतः तपासून दिली. त्यांना टाइप करता येत नसे, म्हणून ते सांगत आणि मी टाइप करत असे. व्यवस्थापक, ग्रंथपाल, आरोग्य अधिकारी असे सगळे माझ्या बोटांतून गेले. पंधरा दिवस मी घरीसुद्धा 'आपले पत्र मिळाले' असं बोलत होते. लोअर परळचा मुलगा खूश झाला. "मॅडम, टोन एकदम युनिक आहे," म्हणाला.

पहिल्या चाचणीला उमेदवाराने उत्तरं द्यायला सुरुवात केली, तेव्हा सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून चष्मा वरखाली करत वाचत होते. एका पत्राखाली त्याने लिहिलं होतं, 'अंदाजाने दोन नारळ पाठवीत आहोत.'

"अहो, ते नारळ माझे!" सर ओरडले. भूगोलाचा चहा सांडला.

सरांची तक्रार एकच होती. उमेदवार फार मऊ आहे, मागेल त्याला मागेल ते देतो. मी म्हटलं, "सर, हा तुमचाच नियम. चार गोष्टी दिसल्या की तो हो म्हणतो."

"तसं असेलही. पण मी जरा खेकसून हो म्हणतो."

त्यामुळे ते उमेदवाराचा प्रत्येक शेरा वाचत, त्यात थोडी खेकस घालत आणि मगच 'पाठवा' दाबत. म्हणजे आता पेपरही वाचायचा आणि शेराही. चाळीस पेपरांना पाच दिवस लागायला लागले.

सहामाहीचा मराठीचा पेपर सरांनीच काढला होता. त्यात पत्रासाठी या वेळी रोपवाटिका नव्हती. 'आपल्या वर्गशिक्षकांना एखाद्या सवलतीसाठी विनंती करणारे पत्र लिहा,' असा प्रश्न होता. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार, दुपारी बारापर्यंत सगळे निकाल चढवायचे, नंतर ती सोय बंद होणार. साडेअकराला सरांचे अजून एका अख्ख्या वर्गाचे पेपर बाकी होते, आणि तो वर्ग त्यांचा स्वतःचा होता. मोठ्या बाईंचे दोन निरोप येऊन गेले होते. मी वैतागले होते, हे कबूल करते. मला सुट्टीची गाडी पकडायची होती.

"सर, इथे 'सगळे पाठवा' असं बटण आहे. एकदाच दाबा. पत्रंच तर आहेत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. मग दाबलं. तीस वर्षांच्या नोकरीत न वाचता गेलेला तो त्यांचा पहिला गठ्ठा, आणि तो माझ्यामुळे गेला.

डिसेंबरात दहावीच्या हजेरीची यादी निघाली. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलेलं सरांच्या वर्गातलं एकच नाव होतं. शांत मुलगी, मार्क चांगले, अक्षर मोत्यासारखं. हजेरी पहिल्या तासाला गणिताच्या बाई घेत, दहावीचं विज्ञान माझ्याकडे नव्हतं, आणि दिवाळीनंतर ती पहिल्या दोन तासांना एकदाही नव्हती. सरांचा तास चौथा, तेव्हा ती रोज पहिल्या बाकावर असायची. त्यामुळे सरांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. आता तिला शाळेकडून दहावीला बसता येणार नव्हतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं, तर त्याची मुदतही संपलेली. म्हणजे वर्ष गेलं, आणि अशा घरातल्या मुलीचं एक वर्ष गेलं की पुढची बहुधा जातात.

मोठ्या बाईंनी मुलीला आणि तिच्या आईला बोलावलं. सर वर्गशिक्षक म्हणून आणि मी सॉफ्टवेअरवाली म्हणून होतोच. आई दादरच्या फूलबाजारात गजरे विकते. पावसाळ्याच्या शेवटी ती जिन्यात पडली होती, उजवा हात मनगटात मोडला होता. प्लॅस्टर निघालं होतं, पण बोटं अजून मिटत नव्हती.

"पहिल्या दोन तासांना कुठे असतेस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बाजारात. आईच्या जागेवर बसते. साडेआठला निघते."

"आणि गेटवर तुला उशिरा सोडतात कसं?"

"परमिशन दाखवते," मुलगी म्हणाली आणि तिने फोन पुढे केला.

मोठ्या बाईंनी वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. सहामाहीच्या पेपरातलं पत्र होतं. तिने काही रचलं नव्हतं, खरंच सगळं लिहिलं होतं. आईचा हात, बाजाराची वेळ, कोणते दोन तास, किती महिने. चारही गोष्टी. खाली शेरा होता, 'आपले पत्र मिळाले. कारण योग्य व मागणी स्पष्ट आहे. आईचा हात बरा होईपर्यंत पहिल्या दोन तासांना न आल्यास चालेल. विनंती मान्य. - वर्गशिक्षक.' त्याखाली सरांचं पूर्ण नाव आणि पाचपैकी पाच.

रोपवाटिकेची रोपं आणायला कोणी जात नाही, हे प्रत्येक पोराला माहीत असतं. पण वर्गशिक्षकांना पत्र लिहिलं आणि वर्गशिक्षकांनीच हो म्हटलं, तर पोरीने त्याला खोटं का मानावं?

"बाई, हे सरांनी लिहिलेलं नाही," मी घाईघाईने म्हटलं. "हे सॉफ्टवेअरने लिहिलंय. त्या दिवशी वेळ नव्हता म्हणून..."

मोठ्या बाईंच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्या म्हणाल्या, "मग प्रश्न मिटला. सॉफ्टवेअरची चूक आहे, शाळेने परवानगी दिलेली नाही. तुम्ही दोघं तसं लिहून द्या."

"आणि हिचा?" आईने विचारलं. मग मोठ्या बाईंकडे वळून ती म्हणाली, "बाई, हात माजो मोडलो. तिचां काय चुकलां?"

मुलगी सरांकडे बघत होती. रडत नव्हती. बाकावर बसून चौथ्या तासाला बघायची तशीच बघत होती. सरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सगळं पत्र वाचलं. सावकाश वाचलं, तोंडाने काही न बोलता, आणि त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"खाली नाव कोणाचं आहे?" त्यांनी मला विचारलं.

"तुमचं आहे, पण सर..."

"मग मी लिहिलंय."

"सर, उगाच अंगावर घेऊ नका," मोठ्या बाई म्हणाल्या. "वर्गशिक्षकाला अशी परवानगी देण्याचा अधिकारच नाही. मेमो द्यावा लागेल मला. मे महिन्यात रिटायर होताय तुम्ही."

"द्या. पण पत्र मला होतं, उत्तर माझ्या नावाने गेलं, आणि ही पोर त्या उत्तरावर विसंबली. आता तिच्यासमोर मी म्हणू की ते माझं नव्हतं?" सरांचा आवाज चढला नव्हता. "बुडालेले तास मी भरून देतो. शाळा सुटल्यावर रोज दोन तास. हजेरी त्यांची लावा."

"बुडालेले तास गणित आणि विज्ञानाचे आहेत. तुम्ही गणित शिकवणार?"

"मला गणितातलं ओ की ठो कळत नाही," सर म्हणाले आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "पण विज्ञान आहेत. त्यांना येतं. त्या थांबतील."

मला कोणी विचारलंच नव्हतं. मी मान डोलावली. डोलावली नसती तर आरशात तोंड बघता आलं नसतं.

मोठ्या बाईंनी त्यांना मेमो दिला, वर्गशिक्षकपद काढून घेतलं आणि जादा तास मंजूर केले. तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच कागदावर केल्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या त्या. फेब्रुवारीपर्यंत रोज दुपारी मी त्या मुलीला गणित आणि विज्ञान शिकवलं. सर शेवटच्या बाकावर बसून राहायचे. तुम्ही घरी जा म्हटलं तर म्हणायचे, तास मी कबूल केलेत. त्रिकोणमितीला त्यांना डुलकी लागायची. मुलगी पास झाली, चांगल्या मार्कांनी झाली.

पण मला सांगायचं आहे ते त्या मेमोच्या दिवसाबद्दल. केबिनमधून बाहेर पडून आम्ही बसथांब्याकडे चाललो होतो. मी फार भारावले होते, आणि मनातून घाबरलेही होते, कारण ते बटण मी दाबायला लावलं होतं. माझं ओझं हलकं व्हावं म्हणून मी म्हटलं, "सर, एका अर्थी बरंच झालं. तुम्ही वाचलं असतंत तरी हेच उत्तर दिलं असतंत."

सर थांबले.

"नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मी लिहिलं असतं, कारण योग्य आहे, परंतु नियमात बसत नाही. पाचपैकी पाच दिले असते आणि विनंती नामंजूर केली असती." ते रस्त्याकडे बघत होते. "कारण या वेळी खरोखर काही द्यायचं होतं. तीस वर्षं मी पोरांना झाडं दिली, पुस्तकं दिली, मैदानं दिली. माझ्या खिशातलं काय गेलं त्यात? आणि एक पोरगी खरं मागायला आली, तर मी नियम बघितला असता. मग तिने एक दिवस येणं बंद केलं असतं, आणि मी म्हटलं असतं, हुशार होती हो, शाळा का सोडली कोण जाणे."

त्यांची बस आली. चढता चढता ते वळले.

"विज्ञान, हे तिला सांगू नका."

आता सर गिरगावात घरीच असतात. ती मुलगी कॉलेजला जाते, सकाळी अजून आईबरोबर बाजारात बसते. दादरला गेले की मी तिच्याकडे थांबते. दर वेळी सरांचा विषय निघतो, आणि दर वेळी ती हातातला गजरा ओवता ओवता एकच गोष्ट सांगते. म्हणते, "मॅडम, ते पत्र लिहिताना मला खात्री होती. दुसरं कोणी असतं तर नाही म्हणालं असतं. सर नाही म्हणणारच नव्हते, हो ना?"

"हो," मी म्हणते. "सर कसे नाही म्हणतील?"